उजवं कुणाचं?

"मी माझ्या जागेवरून उठणार नाही," नेजकर बाई म्हणाल्या. "स्टेअरिंग तुम्ही माझ्याकडं आणा."

बाई गाडीत बसूनच हे बोलत होत्या. टेम्पोला बांधून आमच्या उद्यमनगरच्या गॅरेजात ओढत आणलेली ती विलायती गाडी. दोनच सीटा, वर टप नाही, बॉनेट हे एवढं लांब, अंगावर एकोणीस वर्षांची धूळ. आणि उजव्या सीटवर मांडीवर पर्स ठेवून बाई, जशा काही हॉलमधल्या सोफ्यावर बसल्यात. त्यांच्यासमोर स्टेअरिंग नव्हतं. गाडी परदेशातली, त्यामुळं स्टेअरिंग डावीकडं.

"बाई, डावीकडनं चालवायला काय अवघड नसतंय," मी म्हणलं. "चार दिवसांत हात बसतोय."

"इंगवले, चौदा वर्षं मी ह्या सीटवर बसले. साहेब तिकडं, मी इकडं. मला रस्ता इथून दिसतो. खड्डा किती खोल, ट्रक किती लांब, सगळं इथून कळतं. आता अठ्ठावन्नाव्या वर्षी मी कशाला तिकडं सरकू? चाकच येऊ दे इकडं."

गनी वस्ताद तंबाखू मळत उभे होते. त्यांनी चिमूट तोंडात टाकली आणि म्हणाले, "दिनू, ऐकलास न्हवं? बाईंस्नी उठवायचं न्हाई. चाक सरकवायचं."

झालं. काम घेतलं.

मी दिनकर इंगवले. आता त्रेसष्ट चालू आहे, गुडघे बोलतात, पण तेव्हा चौतिशीत होतो आणि माझं मलाच कोण कौतुक! आयटीआय झालेलो, हातात वेल्डिंगची कला, डोक्यात हवा. गॅरेज वस्तादांचं, अब्दुलगनी मुजावरांचं, पण गिऱ्हाईक मला विचारत येतं असं मला वाटायचं. येत असेलही. पण वस्ताद नुसते कानानं इंजिनाचा रोग सांगायचे, ते मला कधी जमलं नाही.

नेजकर बाई मुलींच्या हायस्कुलात भूगोल शिकवून रिटायर झालेल्या. साहेब साखर कारखान्यांची यंत्रं बसवायला देशोदेशी फिरायचे, तिकडनंच त्यांनी ही गाडी बोटीनं आणली होती. अठ्ठ्याहत्तर साली साहेब बसल्या जागी हार्टनं गेले आणि गाडीवर ताडपत्री पडली. बाई स्वतःची छोटी गाडी रोज चालवायच्या, मंडईला, बँकेत, मैत्रिणींकडं. पण ही गाडी त्यांच्या मनात होती. आणि आता घाई होती, कारण मुलगा उदय. तो पुण्यात मोठ्या नोकरीवर. त्यानं पुण्याच्या एका जुन्या गाड्यावाल्याशी बोलणंही करून ठेवलं होतं. म्हणाला होता, "आई, सात तारखेच्या रविवारी मी येतो. त्या दिवशी तू ही गाडी स्वतः चालवत गेटाबाहेर नेलीस तर तुझी. नाही तर मी विकणार. तुझ्या वयाला ही गाडी नाही."

बाईंनी ती पैज घेतली होती. हातात एक महिना.

आता स्टेअरिंग सरकवायचं म्हणजे नुसतं गोल चाक उचलून इकडं लावलं असं होत नाही. ब्रेक-क्लचची पेडलं सरकवणं हातातलं काम, खरी अडचण खालीच. चाकाचा दांडा खाली उतरतो तो स्टेअरिंगच्या रॅकमध्ये. रॅक म्हणजे आडवी दातेरी पट्टी. दांड्याच्या टोकाचा छोटा गिअर ती पट्टी इकडं-तिकडं ढकलतो, आणि पट्टी पुढची चाकं वळवते. त्या गाडीत तो गिअर डावीकडं होता. तो उजवीकडं पाहिजे.

वस्ताद म्हणाले, "विलायतेहून उजव्या हाताचा रॅक मागवू."

"चार महिने लागतील. पोरगा गाडी घेऊन जाईल."

"मग आपल्याकडच्या गाडीचा बसवू."

मी मोजून दाखवलं. आपल्याकडच्या गाडीचा रॅक चार बोटं आखूड. बसवला तर खड्ड्यात चाक उडालं की गाडी आपोआप तिरकी पळणार. मग मी माझं ब्रह्मास्त्र काढलं.

"वस्ताद, हाच रॅक घ्यायचा. पालथा करायचा. डावीकडचा गिअर आपोआप उजवीकडं येतोय! नवा भाग नको, काही नको."

वस्तादांनी रॅक हातात घेतला, पालथा केला, सुलटा केला. "पालथा बसवला तर वळंल उलटं, असं न्हाई न्हवं?"

मी कागदावर पेन्सिलीनं काढून दाखवलं. "एकदा पालथा केला, एकदा बाजू बदलली. दोनदा उलट म्हणजे सुलट!"

आता आठवलं तरी स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते. पण तेव्हा मी असा ठासून बोललो की वस्तादांनी मान हलवली. "तू शिकलेला हाईस बाबा," म्हणाले.

एवढ्यावर थांबलो असतो तर मी कसला इंगवले! बाई बोलता बोलता म्हणाल्या होत्या की वळणावर ही गाडी फार कलंडायची, साहेबांच्या अंगावर त्या घसरायच्या. म्हणून मी बॅलन्स रॉड बदलायचा ठरवला. पुढच्या दोन चाकांना आडवा बांधलेला पोलादी दांडा असतो. वळणावर गाडी एका अंगाला झोपायला लागली की हा दांडा पिळवटतो आणि तिला उभी धरतो. मूळचा दांडा करंगळीएवढा. मी स्प्रिंगच्या पोलादाचा अंगठ्याएवढा जाड बनवून घेतला, भट्टीवर वाकवला, काळा रंग देऊन बसवला.

वस्ताद म्हणाले, "लई जाड केलास. गाडी झोपणार न्हाई, पण नाकाडानं सरळच पळंल. बाईंस्नी काय शर्यत जिंकायची हाय?"

"वस्ताद, बघा तर खरं, नाद खुळा होतोय का नाही!"

ते पाना उचलून दुसऱ्या गाडीकडं गेले.

आता खरी गंमत ऐका. आमच्या गॅरेजात उजवं-डावं असं कुणी म्हणतच नाही. तुमच्याकडंही ऐकलं असेल. ट्रकच्या काळापासनं चालत आलेली भाषा, 'ड्रायव्हर साइड' आणि 'क्लीनर साइड'. गाडीच्या पुढं उभा राहा, मागं राहा, खाली झोपा, ड्रायव्हर साइड ती ड्रायव्हर साइड. वस्तादांनी चाळीस वर्षं ह्याच भाषेत गाड्या केल्या. पण ह्या गाडीत ड्रायव्हरच जागा बदलत होता! दुसऱ्याच दिवशी घोळ झाला. वस्ताद म्हणाले, ड्रायव्हर साइडला पट्टी जोड. मी डावीकडं जोडली, कारण ड्रायव्हर अजून तिकडंच होता. त्यांच्या मनातला ड्रायव्हर कधीच उजवीकडं येऊन बसला होता. पट्टी कापून परत जोडावी लागली.

तेव्हा मी मोठ्या शहाणपणानं फर्मान काढलं. "वस्ताद, ह्या गाडीपुरतं ड्रायव्हर-क्लीनर बंद. उजवं आणि डावं, बस्स."

"बरं बाबा," वस्ताद म्हणाले.

सहा तारखेला, शनिवारी संध्याकाळी, काम संपलं. गाडी घोड्यांवर, म्हणजे लोखंडी स्टँडांवर चढवलेली, चाकं अधांतरी. आता स्टेअरिंग तपासायचं. बाईंची एक अट होती, स्टेअरिंग आल्यावर उजव्या सीटवर पहिल्यांदा बसणार त्याच. आम्ही आधी चालवून बघायचीही नाही. आम्हाला तो हट्ट आवडला होता, आम्ही कबूल केलेलं. म्हणून मी दाराबाहेर उभा राहून आत हात घातला आणि चाक धरलं. तिथनं पुढची चाकं दिसत नाहीत, त्या गाडीचे मडगार्ड असे खाली झुकलेले. वस्ताद बॉनेटसमोर उभे, गाडीकडं तोंड करून.

"उजवीकडं फिरव," वस्ताद म्हणाले.

मी फिरवलं.

"गेली उजवीकडं. आता डावीकडं."

फिरवलं.

"गेली. झकास."

मी स्वतःवर खूश होऊन घरी गेलो आणि बायकोला म्हणलं, उद्या गोड काहीतरी कर.

रविवारी सकाळी नऊला गॅरेजसमोर जत्राच. बाईंच्या सहा मैत्रिणी ठेवणीतल्या साड्या नेसून आलेल्या, सरनाईक वहिनी ताट-निरांजन घेऊन पुढं. गेटाबाहेर डाव्या अंगाला सदाचा चहाचा गाडा, स्टोव्ह भडकलेला, सगळ्या तिथंच सावलीला उभ्या. उदय पुण्याहून आलेला, पांढरा शर्ट, गळ्यात कॅमेरा. बाई निळ्या काठाची साडी नेसून आल्या, पदर खोचला आणि दार उघडून उजव्या सीटवर बसल्या. चाकावर हात ठेवले. एवढी तीस वर्षं शिकवलेली बाई, पण तिचा चेहरा बक्षीस मिळालेल्या पोरीसारखा झाला होता.

गाडी गेटापासनं दहा फुटांवर. सरळ बाहेर पडायचं आणि लगेच उजवीकडं वळायचं, कारण समोर गटाराचा कठडा. नारळ फुटला, निरांजन ओवाळलं. बाईंनी इंजिन चालू केलं. मी पुढच्या चाकाखाली लिंबू ठेवायला उजव्या अंगाला उकिडवा बसलो. वर बाईंना काही राहवेना. त्यांनी गाडी उभी असतानाच चाक थोडं फिरवून बघितलं.

"उजवीकडं वळायचं ना, असं?" त्यांनी विचारलं.

मी टायरकडं बघत होतो. उजवीकडं वळवलं तर टायरचं तोंड बाहेर यायला पाहिजे, माझ्याकडं. ते आत गेलं.

पहिल्यांदा वाटलं, डोळ्यांना काहीतरी झालंय. बाईंनी चाक सरळ केलं, परत उजवीकडं फिरवलं. टायर परत आत गेला. डावीकडं. सरळ सदाच्या स्टोव्हकडं, सहा बायकांकडं, निरांजनाच्या ताटाकडं.

मी ताडकन उठलो.

"बाई, इंजिन बंद करा."

"का हो?"

"बंद करा आधी!"

बंद झालं. सगळे बघायला लागले. उदय पुढं आला. "काय झालं?"

आणि मी खोटं बोललो. हातातलं लिंबू मुठीत चिरडलं आणि रस गळत असलेली मूठ वर करून म्हणलं, "लिंबू आधीच फुटलं. चाक फिरायच्या आधी लिंबू फुटणं चांगलं नाही. थोडं थांबू. तासाभरानं मुहूर्त बघू."

"अगंबाई!" सरनाईक वहिनी बाईंना म्हणाल्या. "नको गं कुमुद, थांब. ऐकावं माणसानं."

उदय वैतागला. "एकविसावं शतक आलं तोंडावर, आणि हे लिंबू!" पण मैत्रिणींनी बाईंना उतरवून चहाला नेलं. आम्ही गाडी ढकलत आत घेतली आणि मी सरपटत खाली गेलो. वस्ताद मागोमाग आले, माझ्या शेजारी उताणे झोपले.

"काय झालं रं?"

"वस्ताद, उलटं वळतंय."

"काल मी बघितलं की! उजवीकडं गेली म्हणलं न्हवं मी?"

"तुम्ही कुठं उभं होता?"

डोळे मिटून वस्तादांनी आपला उजवा हात उचलला, मग डावा. गाडीकडं तोंड करून उभ्या माणसाचं उजवं ते गाडीचं डावं. चाळीस वर्षं ज्या माणसाला उजवं-डावं म्हणायची पाळी आली नाही, त्याला ते मी एका दिवसात म्हणायला लावलं होतं. आणि रॅक पालथा घातला तोही मीच. दोन्ही अकला माझ्याच. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, तो मी.

"या अल्ला," वस्ताद हळूच म्हणाले. "त्या बायका तिथं हुब्या हुत्या."

"म्हणून तर लिंबू."

"लिंबाला कशाला बदनाम करतोस? चल, सांगू त्यांस्नी."

मी त्यांची बाही धरली. "वस्ताद, पोरगा टपून बसलाय. सांगितलं की आजच्या आज गाडी विकणार. बाईंचा महिना वाया जाणार, पैज जाणार. संध्याकाळी म्हणू की बॅटरी गेली, क्लच गेला, काहीतरी सांगू. चार दिवस काढू, गुपचूप नीट करू. झाकली मूठ राहू दे."

वस्तादांच्या दाढीला ग्रीस लागलं होतं.

"विकू दे की," ते म्हणाले. "गाडी जाईल. बाई तर ऱ्हातील."

आणि ते सरपटत बाहेर निघाले. मला माहीत होतं ते काय करणार. गॅरेज माझं, चूक माझी, असं म्हणून सगळं स्वतःच्या डोक्यावर घेणार. सत्तरीचा माणूस त्या पोरासमोर हात जोडून उभा राहणार. ते मला सोसवेना. मी दुसऱ्या बाजूनं बाहेर आलो आणि पळतच चहाच्या गाड्यापाशी गेलो.

"बाई, मी खोटं बोललो," म्हणलं. "लिंबू मीच चिरडलं. गाडी उलटी वळतीया. तुम्ही उजवीकडं फिरवलं की ती डावीकडं जाणार. चूक माझी आहे, वस्तादांची नाही. ते मला विचारत होते, मीच ऐकलं नाही."

सदा चहा ओतायचा थांबला.

उदय म्हणाला, "म्हणजे आईनं आता गाडी बाहेर काढून उजवीकडं घेतली असती तर?"

"इथं आली असती. ह्या गाड्यावर."

त्यानं स्टोव्हकडं बघितलं, मैत्रिणींकडं बघितलं. तो एका जुन्या टायरवर मटकन बसला. मला वाटलं होतं तो ओरडेल, शिव्या घालेल. त्यापेक्षा हे वाईट होतं.

"विकायची," तो म्हणाला. "आजच. मी फोन करतो."

बाईंनी कप खाली ठेवला. "इंगवले, चूक झाली कशी ते सांगा."

मी सांगितलं. पालथा रॅक सांगितला, दोनदा उलट म्हणजे सुलट सांगितलं, ड्रायव्हर साइड-क्लीनर साइड सांगितलं, वस्ताद कुठं उभे होते आणि मी कुठं ते सांगितलं. हातवारे करून सांगताना माझंच उजवं-डावं चुकत होतं. आणि बाई हसायला लागल्या! आधी नाकातनं, मग पदर तोंडाला लावून.

"नकाशा उलटा धरून पूर्वेला पश्चिम लिहिणाऱ्या मुली मी तीस वर्षं तपासल्या," त्या म्हणाल्या. "पण दोन मोठी माणसं! आणि आमचे साहेब तरी काय वेगळे होते? मी उजवीकडं म्हटलं की हे हमखास डावीकडं घ्यायचे. चौदा वर्षं निभावलं."

सरनाईक वहिनी हसल्या, मग सगळ्याच हसल्या. उदय नाही हसला.

"आई, हसू नकोस," तो म्हणाला. "बाबा गेले तेव्हा मी तेरा वर्षांचा होतो. सकाळी शाळेत गेलो आणि दुपारी बाबा नव्हते. मला ही गाडी नको, पैज नको. मला तू हवी आहेस."

बाईंचं हसू विरलं. त्या उठल्या, टायरपाशी गेल्या आणि बत्तीस वर्षांच्या त्या पोराच्या डोक्यावर हात ठेवून उभ्या राहिल्या. मी जमिनीकडं बघत होतो.

"मी आहे की रे," बाई म्हणाल्या. "तुला भीती वाटते ते मला आज कळलं. मला वाटायचं तुला माझी लाज वाटते." मग मान वळवून मला म्हणाल्या, "नीट करायला किती दिवस?"

"आठ. पण बाई, ह्या खेपेला अट नको. आधी आम्ही चालवून बघणार."

"कबूल. चालवून बघा, दहा वेळा बघा. उदय, आठ दिवस दे. पुढच्या रविवारी तू माझ्या शेजारी बस. गाडी वळली तर माझी. तुला क्षणभर जरी धास्ती वाटली, तर त्याच दिवशी घेऊन जा, मी शब्द काढणार नाही."

उदय मला म्हणाला, "मिस्त्री, तुम्ही चिरडलेलं लिंबू मला खरं वाटलं होतं."

"मला माहीत आहे, साहेब."

"गप्प बसला असता तर कुणाला कळलंही नसतं."

मी गप्पच बसणार होतो, हे त्याला कुठं ठाऊक! आठ दिवस मिळाले एवढं खरं.

त्या आठवड्यात वस्ताद मला एक शब्द टाकून बोलले असतील तर शपथ. पण काम त्यांच्या मतानं झालं. पालथ्या रॅकनं गाडी सुलट वळवायची असेल तर तो चाकांच्या आसामागं होता तिथनं पुढं न्यायचा. आणि पुढं काय होतं? माझा अंगठ्याएवढा जाड बॅलन्स रॉड, बरोब्बर रॅकच्या जागेवर. मीच तो कापून काढला. मूळचा करंगळीएवढा दांडा नव्यानं वाकवून खालनं घेतला. चाकांना ढकलणारे दोन हात भट्टीवर नवे घडवून घेतले, त्यांना रॉकेल लावलं, पुसलं, वर खडूची पूड मारली. कुठं बारीक तडा असला की रॉकेलाची रेघ पुडीवर उमटते. तास तास बसून बघितलं, रेघ आली नाही. तरी परत केलं.

आणि उजवं-डावं बंद. ड्रायव्हर-क्लीनरही बंद. गाडीचं तोंड गेटाकडं होतं, म्हणून एका बाजूला आम्ही 'चहाची' म्हणायचो आणि दुसरीला, गॅरेजची भिंत होती तिला, 'भिंतीची'.

"भिंतीकडं फिरव," वस्ताद ओरडायचे.

"फिरवलं!"

"चाकं भिंतीकडं! आता चहाकडं!"

शुक्रवारी मी गाडी बाहेर काढली. वस्ताद शेजारी. गेट, कठडा, भिंतीकडं फिरवलं आणि गाडी लोण्यातनं सुरी जावी तशी भिंतीकडं वळली. अख्ख्या उद्यमनगराला तीन फेऱ्या मारल्या. वळणावर ती थोडी झुकायची.

"जाड दांडा असता तर झुकली नसती," मी न राहवून म्हणलं.

"झुकू दे. झुकली की माणसाला कळतंय, लई जोरात चाललोय." एवढंच वस्ताद त्या आठवड्यात कामाबाहेरचं बोलले.

रविवारी बाई आल्या, उदय आला, आणि पुण्याच्या गाड्यावाल्याचा ट्रकही आला. उदयनं बोलावून ठेवलेला. ट्रकवाला गेटाबाहेर बिडी ओढत बसला. ह्या खेपेला बाईंनी मैत्रिणींना आणलं नव्हतं, नारळ नाही, लिंबू नाही. उदय डाव्या सीटवर बसला, दोन्ही हातांनी दार धरून. बाईंनी इंजिन चालू केलं, गेटाबाहेर आल्या आणि उजवीकडं घेतलं. गाडी उजवीकडं गेली.

"रंकाळ्याला एक चक्कर मारून येतो," जाता जाता त्या ओरडल्या.

रंकाळ्याची चक्कर म्हणजे वीस मिनिटं. फार तर अर्धा तास.

अर्धा तास झाला. तास झाला. मी मनातल्या मनात एकेक नट परत आवळत होतो. बॉल जॉइंटचा नट सुटू नये म्हणून घालतात ती पिन वाकवली होती का? वाकवली होती. चहाची? वाकवली. भिंतीची? आठवेना. आठवतच नव्हतं हो! डोक्यात नुसतं भण्ण. वस्ताद एरवी शब्द न बोलता दुपारच्या नमाजाला मशिदीत जायचे. त्या दिवशी गेले नाहीत, गॅरेजात टायरांच्या मागं चटई टाकली. ट्रकवाला दोनदा विचारून गेला, किती वेळ. मी त्याच्यावर खेकसलो. दीड तास झाला. मी मोटारसायकल काढली, परत लावली. कुठं शोधणार?

दोन तासांनी फोन वाजला. मी धावत जाऊन उचलला.

"इंगवले? मी बोलतेय. पन्हाळ्यावरून."

"पन्हाळा? बाई, रंकाळा म्हणाला होता!"

"हो, पण गाडी थांबूच देईना. सगळा घाट चढून आले. एकदाही चुकली नाही हो, जिकडं म्हणेन तिकडं! आता आम्ही झुणका-भाकरी खातोय. तो ट्रक आहे का अजून?"

"आहे."

"त्याला जा म्हणावं, उदयनंच सांगितलंय. आणि उदय म्हणतोय, उतरताना मी चालवतो."

"मग?"

"मी नाही म्हटलं," बाई म्हणाल्या आणि पलीकडं उदय मोठ्यानं हसलेला मला ऐकू आला.

मी फोन ठेवला, स्टुलावर बसलो आणि दोन्ही हातांत तोंड घालून रडलो. लहान पोरासारखा, आवाज करून. वस्ताद चटईवरनं उठून धावत आले, माझा खांदा गदागदा हलवला.

"दिनू! काय झालं? बोल की रं! काय झालं?"

मी बाहीनं तोंड पुसलं. शेवटी म्हणलं, "पोचल्या."